पूर्वीच्या दोषसिद्धीमुळे वाढलेल्या शिक्षेविरुद्ध अपील कसं करावं

साध्या चोरीला भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली जास्तीत जास्त तीन वर्षं. तरी निकालात सहा वर्षं सश्रम कारावास लिहून आला, तर घरच्यांना वाटतं की न्यायाधीशांची गणती चुकली. गणती बहुधा चुकलेली नसते. निकालपत्राच्या शेवटच्या पानांत कुठेतरी 'कलम ७५ सह' असं लिहिलेलं असतं. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यात तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ मध्ये आहे. आरोपीला आधी शिक्षा झालेली होती, म्हणून या गुन्ह्याची कमाल मर्यादाच वर सरकली आहे.

अशा अपिलात 'तो आता सुधारलाय' एवढ्यावर भागत नाही. आधीची दोषसिद्धी या कलमात बसते का, ती दोषारोपात (न्यायालयाने आरोपीवर ठेवलेल्या आरोपांच्या लेखात) लिहिली होती का आणि रीतसर शाबित झाली का, हे तीन प्रश्न अपील जिंकून देतात किंवा हरवतात. तिन्हींची उत्तरं कागदांवर असतात. त्यामुळे वकील ठरवण्याइतकंच कागद गोळा करणं महत्त्वाचं.

आधी मुदत आणि नक्कल

सत्र न्यायालयात अपील करायचं असेल तर ३० दिवस, उच्च न्यायालयात ६० दिवस. मुदत शिक्षेच्या आदेशाच्या तारखेपासून चालते. निकालाचा दिवस आणि प्रमाणित नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. नकलेच्या मागच्या बाजूला अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख शिक्क्यासह असते. हिशोब त्या शिक्क्यांवरून होतो, म्हणून ते पान जपून ठेवा. काही विशेष कायद्यांत मुदत वेगळी असते. मकोकाच्या (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याच्या) विशेष न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जायलाही ३० दिवसच मिळतात.

कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत तत्काळ आणि मोफत मिळायला हवी (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, कलम ४०४; पुढे कंसातली नुसती कलमं याच संहितेची). एम. एच. हॉसकॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं आहे: तुरुंगात पाठवलेली प्रत कैद्याला लगेच द्यावी आणि त्याची लेखी पोच घ्यावी. प्रत महिनाभर कार्यालयातच पडून राहिली असेल, तर ती पोच उशीर माफीच्या अर्जात उपयोगी पडते. तेवढ्यावर विसंबू मात्र नका. निकालाच्याच दिवशी नक्कल विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका आणि पावती घ्या.

मुदत उलटली असेल तर लिमिटेशन कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच द्यावा. 'गरिबीमुळे उशीर झाला' असं मोघम लिहिलेला अर्ज कमजोर ठरतो. प्रत कधी मिळाली, विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कधी केला, वकील कधी नेमला, हे तारखांसह लिहावं.

आरोपी आत असेल तर तो कारागृह अधीक्षकांकडेच अपील देऊ शकतो. ते पुढे न्यायालयात पाठवायची जबाबदारी त्यांची (कलम ४२४). किती तारखेला दिलं याची नोंद मागून घ्यावी. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ तसं सांगतं. जिल्हा प्राधिकरण साधारण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, आणि १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

कुठल्या न्यायालयात

दंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली असेल तर सत्र न्यायालयात. सत्र न्यायाधीशाने किंवा अतिरिक्त सत्र न्यायाधीशाने दिली असेल तर उच्च न्यायालयात (कलम ४१५). मुंबई उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ मुंबईत आहे आणि खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर व पणजी इथे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंचही सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना आता मुंबईचे खेटे घालावे लागत नाहीत.

इथेच एक तपासणी उरकून घ्या. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कारावास देता येत नाही, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याला सात वर्षांपेक्षा. वाढीव शिक्षेचं कलम लागलं म्हणून न्यायालयाचा अधिकार वाढत नाही. अशा आरोपीचं प्रकरण वरच्या न्यायालयाकडे पाठवायची सोय संहितेत आहे (कलम ३६३). प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याने स्वतःच चार वर्षं ठोठावली असतील, तर तो अपिलाचा पहिला मुद्दा.

गुन्हा कबूल केला म्हणून अपीलच नाही, असं कोर्टाच्या आवारात बरेच जण छातीठोकपणे सांगतात. ते अर्धसत्य आहे. कबुलीनंतर दोषसिद्धीविरुद्ध अपील नसतं. शिक्षा किती दिली आणि ती कायदेशीर आहे का, याविरुद्ध मात्र असतं (कलम ४१६). वाढीव शिक्षेचा वाद नेमका याच खिडकीतून मांडता येतो.

कागद कोणते लागतात

या खटल्यातली दोषारोपाची मूळ प्रत आणि त्यात नंतर झालेली भर, पूर्ण रोजनामा (खटल्याच्या तारखेवार कामकाजाची नोंद), आरोपीचा जबाब, पूर्वशिक्षेबद्दल सरकारी पक्षाने दाखल केलेला प्रत्येक कागद निशाणी क्रमांकासह (न्यायालयाने त्या कागदाला दिलेल्या क्रमांकासह), दोषसिद्धीचा निष्कर्ष आणि शिक्षेचा आदेश. शिवाय जुन्या खटल्याच्या न्यायालयातून त्या निकालाची प्रमाणित नक्कल, आणि त्या निकालाविरुद्ध अपील झालं असल्यास त्याचं काय झालं ते. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात.

रोजनामा तारीख लावून वाचा. दोषसिद्धी जाहीर झाली त्याच तारखेला, त्याच नोंदीत शिक्षाही लिहिली असेल, तर शिक्षेवर ऐकून घेण्याची पायरी खरंच झाली का, ते बघायला हवं. शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचं म्हणणं ऐकणं बंधनकारक आहे (कलम २५८(२), दंडाधिकाऱ्यापुढच्या वॉरंट खटल्यात, म्हणजे दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यात, २७१(२)). सर्वोच्च न्यायालयाने संता सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९७६ च्या निकालात याच कारणासाठी प्रकरण शिक्षेपुरतं परत पाठवलं होतं. 'आरोपीस विचारले, दया करावी म्हणाला' एवढ्या एका ओळीवर सहा वर्षं दिली असतील, तर ती ओळच अपिलात जशीच्या तशी उद्धृत करा.

पूर्वशिक्षा कलमात बसते का

कलम ७५ किंवा १३ कुठल्याही जुन्या शिक्षेला लागत नाही. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही गुन्हे नाणी, चलन व सरकारी मुद्रांक किंवा मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या प्रकरणातले (कायद्याच्या पुस्तकातल्या चॅप्टरमधले) हवेत. भादंविमध्ये (भारतीय दंड संहितेत) ही प्रकरणं १२ आणि १७, न्याय संहितेत १० आणि १७. आणि दोन्ही गुन्ह्यांना कायद्यात तीन वर्षं किंवा जास्त कारावास सांगितलेला हवा. प्रत्यक्षात किती दिला, ते इथे बघायचं नसतं. जुन्या चोरीत दोनच महिने झाले होते, हा बचाव म्हणून इथे चालत नाही.

आता उलट बाजू. मारहाणीची, दंग्याची, विनयभंगाची जुनी शिक्षा कितीही मोठी असली तरी या कलमाखाली मोजता येत नाही. भादंवि ४४७ चा अतिक्रमणाचा गुन्हा प्रकरण १७ मध्येच आहे, पण त्याला तीनच महिने. म्हणून तोही बाद. कलम ४१७ ची साधी फसवणूक एक वर्षाची, तीही बाद. कलम ३७९, ४०६, ४११ मात्र मोजले जातात.

तारखांचा क्रम हा सगळ्यात जास्त दुर्लक्षिलेला मुद्दा आहे. नंतरचा गुन्हा आधीच्या दोषसिद्धीनंतर घडलेला हवा. समजा, पहिली चोरी जानेवारी २०२१ ची, दुसरी ऑगस्ट २०२१ ची. पहिल्या खटल्यात २०२२ मध्ये शिक्षा झाली, दुसऱ्यात २०२४ मध्ये. दुसऱ्या निकालाच्या दिवशी आरोपी 'पूर्वी शिक्षा झालेला' आहे खरा, पण दुसरी चोरी केली तेव्हा नव्हता. इथे कलम ७५ लागत नाही. एका कागदावर चार तारखा एकाखाली एक लिहून अपिलाला जोडल्या, तर न्यायाधीशांना हे दोन मिनिटांत दिसतं.

प्रलंबित गुन्हे, तडीपारी, प्रतिबंधात्मक कारवाई, पोलीस ठाण्याच्या फलकावरचं नाव, यांपैकी काहीही दोषसिद्धी नाही. बाल न्याय मंडळाच्या आदेशाने दोषसिद्धीची अपात्रता सहसा चिकटत नाही; २०१५ च्या कायद्याचं कलम २४ बघा. सोळा वर्षांवरच्या मुलाचा खटला प्रौढ म्हणून चालला असेल तर मात्र तो अपवाद ठरू शकतो.

न्याय संहितेमुळे एक नवा वाद उभा राहिला आहे. कलम १३ ची भाषा 'या संहितेच्या' प्रकरणांखालच्या गुन्ह्याबद्दल बोलते, आणि चोरीच्या कलम ३०३(२) मध्ये दुसऱ्या दोषसिद्धीला किमान एक ते कमाल पाच वर्षं सश्रम कारावास आहे, तोही 'या कलमाखालच्या' दोषसिद्धीसाठी. मग भादंवि ३७९ खालची जुनी शिक्षा त्यात धरायची का? दंडविधीचा अर्थ काटेकोर लावावा, या तत्त्वावर हा मुद्दा मांडण्यासारखा आहे. सरकारी पक्ष जुन्या कायद्याची जागा नव्याने घेतल्याच्या तरतुदी दाखवेल. हमखास यशाचा मुद्दा म्हणून याकडे पाहू नये, पण अपिलाच्या मेमोत (मुद्दे मांडणाऱ्या लेखी अर्जात) तो नसेल तर पुढे वरच्या न्यायालयात मांडणं जड जातं.

अमली पदार्थांच्या कायद्यात हिशोब वेगळा. तिथे कलम ३१ प्रमाणे दुसऱ्या दोषसिद्धीला किमान आणि कमाल, दोन्ही दीडपट होतात. व्यावसायिक प्रमाणासाठी १० ते २० वर्षं असतील तर १५ ते ३०. दंडही १ ते २ लाखांऐवजी दीड ते तीन लाख. पण नंतरचा गुन्हा 'तितक्याच शिक्षेचा' असावा, ही अट त्या कलमात आहे. आधीची शिक्षा अल्प प्रमाणाची आणि आताची व्यावसायिक प्रमाणाची असेल, तर हे शब्द अपिलात पुढे आणायलाच हवेत.

ती शाबित झाली का

वाढीव शिक्षा मागायची असेल तर पूर्वीच्या दोषसिद्धीची वस्तुस्थिती, तारीख आणि ठिकाण दोषारोपात लिहावं लागतं. राहिलं असेल तर शिक्षा सुनावण्यापूर्वी कधीही भर घालता येते, नंतर नाही (कलम २३४(७)). दोषारोपात एक शब्द नाही आणि शिक्षेच्या युक्तिवादात सरकारी वकिलांनी जुना निकाल पुढे केला, असं दिसलं तर कलम ७५ किंवा १३ चा आधारच जातो. साध्या कलमाच्या मर्यादेत शिक्षा ठरवताना न्यायालय पार्श्वभूमी बघू शकतं. कमाल मर्यादा ओलांडू शकत नाही.

दुसरी चूक याच्या बरोबर विरुद्ध असते. सत्र खटल्यात पूर्वशिक्षेचा दोषारोप मुख्य गुन्ह्याचा निर्णय होईपर्यंत वाचून दाखवायचा नसतो, त्यावर आरोपीला विचारायचं नसतं आणि सरकारी पक्षाने त्याचा उल्लेखही करायचा नसतो (कलम २५९, वॉरंट खटल्यात २७१(३)). न्यायाधीशाचं मन आधीच कलुषित होऊ नये म्हणून ही तजवीज. तपासी अंमलदाराच्या साक्षीतच 'आरोपी सराईत असून त्यास यापूर्वी शिक्षा झाली आहे' आलं असेल आणि निकालात त्याचा वापर दिसत असेल, तर मुद्दा शिक्षेपुरता राहत नाही, दोषसिद्धीलाही धक्का देऊ शकतो.

आरोपीने पूर्वशिक्षा नाकारली तर पुरावा द्यावा लागतो. तो कसा, ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३४ सांगतं: जुन्या न्यायालयाच्या अभिलेखाचा प्रमाणित उतारा, किंवा कारागृह अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र वा कारावासाचं वॉरंट. आणि त्यासोबत, तो माणूस हाच, याचा पुरावा. गडबड बहुतेक वेळा या दुसऱ्या भागात असते. पोलीस ठाण्याच्या संगणकातून काढलेली गुन्ह्यांची यादी निशाणी म्हणून लागते, नाव जुळतं, वडिलांचं नाव जुळतं, आणि काम झालं असं धरलं जातं. त्याच गावात त्याच नावाचे चुलतभाऊ असतात. जुन्या निकालातलं वय, पत्ता, बोटांच्या ठशांचा अहवाल, जुन्या खटल्यातल्या कुणा साक्षीदाराची ओळख, यांपैकी काय आलं आणि काय आलं नाही, ते मेमोत लिहावं.

आरोपीने कबूल केलं असेल तर पुराव्याची गरज उरत नाही. म्हणून कबुली कशी नोंदली ते बघा: प्रश्नात जुन्या खटल्याचा क्रमांक, न्यायालय आणि तारीख होती का, वकील हजर होता का, खाली सही आहे का. नुसत्या 'होय' वर जोर देता येत नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो.

जुनी दोषसिद्धी मधल्या काळात अपिलात रद्द झाली असेल, तर वाढीव शिक्षेचा पायाच गेला. तो निकाल अतिरिक्त पुरावा म्हणून दाखल करावा (कलम ४३२). जुनं अपील अजून प्रलंबित असेल तर ते आधी ऐकावं, असा अर्ज द्यावा. जुन्या प्रकरणात फक्त शिक्षेला स्थगिती असेल तर उपयोग नाही. दोषसिद्धी तशीच उभी असते.

मेमो कसा लिहावा

अपिलाच्या मेमोत मुद्दे वेगवेगळे मांडावेत, आणि प्रत्येकात पानाचा किंवा निशाणीचा क्रमांक हवा. नमुन्यादाखल:

'निशाणी ४ वरील दोषारोपात अपीलकर्त्याच्या कथित पूर्वीच्या दोषसिद्धीची तारीख व ठिकाण नमूद नाही. शिक्षा सुनावण्यापूर्वी दोषारोपात भर घातल्याची नोंद रोजनाम्यात नाही. सबब कलम ७५ खालील वाढीव शिक्षा बेकायदेशीर असून, अपीलकर्त्यास कलम ३७९ खालील कमाल मर्यादेपेक्षा अधिक शिक्षा देता येत नाही.'

'अपीलकर्ता गरीब असून घरातील एकमेव कमावता आहे' हे शेवटी यावं, पहिल्या ओळीत नको. पण यावं जरूर, आणि तपशिलासह. कलम ७५ किंवा १३ मध्ये किमान शिक्षा नाही, केवळ मर्यादा वाढते. म्हणून जुनी शिक्षा किती वर्षांपूर्वीची, मधल्या काळात काय केलं, चोरलेला ऐवज किती रकमेचा, तो परत मिळाला का, याला वजन आहे. जिथे किमान शिक्षा ठरलेली आहे तिथे या युक्तिवादाने त्या रेषेच्या खाली जाता येत नाही. कच्च्या कैदेतले दिवस वजा धरले आहेत का, तेही बघावं (कलम ४६८). ही चूक दुरुस्त करून घेणं सगळ्यात सोपं.

प्रार्थनेत पर्याय ठेवावेत: निर्दोष सोडावं, नाहीतर वाढीव कलम काढून शिक्षा कमी करावी, नाहीतर शिक्षेपुरतं प्रकरण परत पाठवावं. गुन्हा जुन्या कायद्याच्या काळातला असेल तर दंडाचं कलम भादंविचंच राहतं. अपिलाच्या तरतुदींसाठी मात्र नवं कलम लिहून त्यापुढे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनंही लिहावं (४१५ पुढे ३७४), म्हणजे कार्यालयीन हरकत निघत नाही.

जामीन आणि शिक्षा वाढण्याची भीती

अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज द्यावा (कलम ४३०). खटल्यात आरोपी जामिनावर होता आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच आहे, तर अपील दाखल करण्यापुरता जामीन शिक्षा देणारं न्यायालयच देतं. तो अर्ज निकालाच्या दिवशीच तयार ठेवावा. वाढीव कलमामुळे गुन्हा दहा वर्षं किंवा जन्मठेपेच्या टप्प्यात जातो, तेव्हा जामिनाआधी सरकारी वकिलांना लेखी कारण दाखवायची संधी द्यावी लागते. दोन-तीन तारखा त्यातच जातात. अमली पदार्थांच्या प्रकरणात कलम ३७ च्या कडक अटी अपिलातही लागू राहतात.

'अपील केलं तर शिक्षा वाढेल' ही भीती बऱ्याच जणांना थांबवते. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही (कलम ४२७). वाढ होते ती सरकारने त्याच संहितेच्या कलम ४१८ खाली अपील केलं तर, किंवा उच्च न्यायालयाने पुनरीक्षणाच्या (खालच्या आदेशाची कायदेशीरता तपासण्याच्या) अधिकारात नोटीस काढली तर; दोन्हींत आरोपीला म्हणणं मांडायची संधी मिळते. शिवाय सरकारच्या अपिलात आरोपी उलट निर्दोष मुक्ततेचीही मागणी करू शकतो.

शिक्षेपुरतं प्रकरण परत गेलं तर

अपील न्यायालयाने नव्याने शिक्षा ठरवायला प्रकरण खाली पाठवलं, की बरेच जण निर्धास्त होतात. तिथे खरं तर दुसरी फेरी सुरू होते. दोषसिद्धी कायम ठेवली असेल तर खालचं न्यायालय ती पुन्हा उघडत नाही. सगळा भर पूर्वशिक्षेचा पुरावा आणि परिस्थितीवर हवा. परत पाठवण्याच्या आदेशातला नेमका परिच्छेद बघून ठेवा. त्या मर्यादेबाहेर खालच्या न्यायालयाने काही केलं, उदाहरणार्थ आधी नसलेला पूर्वशिक्षेचा पुरावा नव्याने घेतला, तर हरकत तिथेच लेखी नोंदवावी.

कारागृहातल्या वर्तणुकीचा अहवाल, तिथे केलेलं काम, कुटुंबाची परिस्थिती, आजाराचे कागद, हे सगळं या सुनावणीपूर्वी यादीसह दाखल करावं. नवा आदेश म्हणजे नवी शिक्षा. तिच्याविरुद्ध पुन्हा अपील करता येतं आणि मुदत नव्या तारखेपासून मोजली जाते. आरोपीच्याच अपिलावरून परत गेलेल्या प्रकरणात शिक्षा आधीपेक्षा जास्त आली असेल, तर तो नव्या अपिलाचा पहिला मुद्दा: जे अपील न्यायालय स्वतः करू शकत नव्हतं, ते त्याच्या आदेशाच्या आडून झालं.

सत्र न्यायालयाने अपील फेटाळलं तर दुसरं अपील नाही. उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो, मुदत ९० दिवस. तिथे पुरावा नव्याने तोलला जात नाही, कायद्याची चूक दाखवावी लागते. दोषारोपातली उणीव, कलमात न बसणारी जुनी शिक्षा, तारखांचा उलटा क्रम आणि अधिकाराबाहेरची शिक्षा या चारही गोष्टी त्यात मोडतात. मात्र पहिल्या मेमोत त्या लिहिलेल्या असतील तर काम बरंच हलकं होतं.